रजेवरचा बाप

इंगोलश्टाटमधला सगळ्यात प्रसिद्ध बाप प्रत्यक्षात कधी जन्मालाच आला नाही. मेरी शेली नावाच्या अठरा वर्षांच्या मुलीने १८१६ साली जिनिव्हाच्या तळ्याकाठी त्याला कागदावर आणायला घेतलं आणि १ जानेवारी १८१८ रोजी लंडनमध्ये ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही कादंबरी निघाली, तीही लेखिकेच्या नावाशिवाय. तिचा नायक व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन वयाच्या सतराव्या वर्षी शिकायला घरापासून लांब येतो तो या इथे, म्युनिकच्या उत्तरेला ऐंशी किलोमीटरवर असलेल्या डॅन्यूबकाठच्या आमच्या गावात. येऊन पत्रं पाठवत नाही म्हणून जिनिव्हाला वडील काळजीत. इंगोलश्टाटला शिकायला येऊन घरी फोन न करण्याची परंपरा अशी दोनशे वर्षांची आहे. इथल्या तांत्रिक विद्यापीठातली आपली मुलं ती निष्ठेने चालवत आहेत.

व्हिक्टरचं विद्यापीठ मात्र खरं होतं. १४७२ला सुरू झालं, १८०० साली लांड्सहूटला हललं आणि तिथून पुढे म्युनिकला गेलं. मागे राहिली ती शरीरशास्त्राची जुनी टुमदार इमारत. तिच्यात आता वैद्यकाच्या इतिहासाचं संग्रहालय आहे आणि समोर औषधी वनस्पतींची बाग.

आता या व्हिक्टरकडे जरा बाप म्हणून बघा. दोनेक वर्षं रात्रंदिवस खपून त्याने एक जीव घडवला. बाळाची उंची आठ फूट. नोव्हेंबरातल्या एका रात्री बाळाने डोळे उघडले आणि बाप झोपायच्या खोलीत पळाला. बाळ मागोमाग बिछान्यापाशी आलं, काहीतरी पुटपुटलं, हात पुढे केला. बाप जिना उतरून अंगणात! उरलेली रात्र त्याने तिथेच येरझाऱ्या घालत काढली. दुसऱ्या दिवशी मित्राला घेऊन घाबरत घाबरत खोलीवर आला, तर बाळ निघून गेलेलं. यावर या गृहस्थाने आनंदाने टाळ्या वाजवल्या. बारसं राहिलंच. त्या बिचाऱ्याला अख्ख्या कादंबरीत नाव मिळत नाही, म्हणून जग त्याला बापाच्या नावाने ओळखतं. एवढी एक गोष्ट तरी आपल्या रीतीप्रमाणे झाली.

पुढे पोरगा स्वतःच्या हिमतीवर वाढला. दुसऱ्याच्या भिंतीला कान लावून भाषा शिकला, मिल्टन वाचला, प्लुटार्क वाचला, आणि एक दिवस बापाला गाठून म्हणाला, माझ्यासाठी बायको बघा. बाप आधी नाही म्हणाला, मग हो म्हणाला, मुलगी अर्धीअधिक तयारही केली, आणि ऐनवेळी मोडलं. मुलाचं राहिलं बाजूला, स्वतः मात्र बोहल्यावर चढला. यानंतर जे रामायण घडलं त्याला लोक भयकथा म्हणतात. आमच्या नात्यात याहून थोडक्या कारणावरून माणसं एकमेकांच्या दारात जात नाहीत, आणि त्याला कुणी काहीच म्हणत नाही.

मेरीने हे पुस्तक अर्पण केलं आपल्या वडिलांना. विल्यम गॉडविन हे मोठे विचारवंत. लग्नसंस्थेवर कडाडून टीका लिहिलेला माणूस. १८१४ साली मुलगी एका विवाहित कवीबरोबर पळून गेली, तेव्हा मात्र गॉडविनसाहेब तिचं तोंड बघायला तयार नव्हते. १८१६च्या डिसेंबरात रीतसर लग्न लागल्यावर राग निवळला. जगाला क्रांती आणि घरात करडी शिस्त हा नमुना फक्त सदाशिव पेठेतच तयार होतो असा माझा समज होता.

हे सगळं आठवण्याचं कारण म्हणजे फ्रँकेन्स्टाइनच्या नावाने इथे पर्यटकांसाठी रात्रीच्या फेऱ्या निघतात. काळा झगा घातलेला मार्गदर्शक हातवारे करत पुढे, मंडळी मागे. जुन्या गावातल्या अरुंद गल्ल्यांमधून तो त्या पळपुट्या बापाची कथा रंगवून सांगत असतो, आणि वरच्या मजल्यावरच्या खिडकीत कुणीतरी रडणारं पोर खांद्यावर टाकून येरझाऱ्या घालत असतो. तो बहुधा नांदेडचा असतो.

नांदेडचा, नाहीतर चिंचवडचा. आपली माणसं इथे आली ती गाड्यांच्या मागे. ऑडीचं मुख्यालय इथे आहे आणि गावातल्या दर दोन घरांपैकी एकाचा त्या कारखान्याशी या ना त्या नात्याने संबंध असावा असं वाटतं. छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला याच गाड्या जुळवल्या जात, चाकणला त्याच घराण्याचा दुसरा मोठा कारखाना. तिथून कामासाठी ये-जा करता करता काही जण इथेच राहिले. इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड सांगणारे लोक. बाळाचा आवाज ऐकून मात्र यातल्या कुणालाही काही सांगता येत नव्हतं, कारण ते खातं आपल्याकडे पुरुषांकडे कधी दिलेलंच नाही.

आमच्या वडिलांच्या पिढीत बापाचं सगळं महत्त्व त्याच्या घरात नसण्यावर उभं होतं. गल्लीच्या तोंडाशी बजाज चेतकचा आवाज आला की पत्ते गादीखाली जायचे आणि भूगोलाचं पुस्तक वर यायचं. दिवसभर आई प्रकरणं जमा करून ठेवी: “येऊ दे बाबांना!” बाबा संध्याकाळी येत, चहा पीत, आणि कुठल्या कलमाखाली कोण आरोपी आहे हे नीट न ऐकताच निकाल देत. आपण घरात इतके भयंकर आहोत हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नसावं. पाहुण्यांनी “धाकटा कितवीत आहे?” विचारलं की ते धाकट्याकडे बघत आणि म्हणत, “सांग रे.” ही युक्ती आम्हाला फार उशिरा कळली.

आजोबांच्या काळात तर वडीलधाऱ्यांसमोर स्वतःच्या पोराला उचलून घेणं म्हणजे निर्लज्जपणा. पोर रडत असलं तरी बापाने खांबाला टेकून पेपर वाचायचा. भावाच्या पोराला घेतलेलं चालायचं. त्यामुळे मोठ्या घरांत प्रत्येक मुलाला बापाचं प्रेम मिळायचं, फक्त ते काकाकडून.

जूनच्या तिसऱ्या रविवारी मोबाइलवर याची भरपाई येते. बाप म्हणजे फणस, बाप म्हणजे नारळ, बाप म्हणजे वाड्याचा पाया. बाहेरून कठीण आणि आतून गोड एवढ्या एका गुणासाठी कोकणातली अर्धी बागाईत कामाला लावलेली असते. ते वाचून गहिवरणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्यापैकी कुणी फणस फोडायला बसलेला मात्र पाहिला नाही. ते काम आईच करते, हाताला तेल लावून.

इंगोलश्टाटला ही फळबाग उपयोगाची नाही. इथे आजी नाही, काकू नाही, धुणंभांड्याला येणाऱ्या मावशी नाहीत, आणि “जरा बघा हं याच्याकडे” म्हणून सोडून जावं असं शेजारचं दार नाही. घरात मोठी माणसं दोन, त्यातली एक बाळंतीण. आता उरला कोण ते शोधायला गणित लागत नाही.

सुरुवात बाळ येण्याआधीच होते. बाळंतपणाच्या तयारीचा वर्ग असतो आणि नवऱ्यानेही यायची पद्धत आहे. मोठ्या रबरी चेंडूंवर जोडप्यांनी बसायचं आणि सुईण सांगेल तसा श्वास घ्यायचा. इथे तिला ‘हेबामे’ म्हणतात, फार मान असतो तिला, आणि बाळंतपणानंतर ती घरी येऊन बाळाला बघून जाते, त्याचे पैसे आरोग्यविम्यातून जातात. चाकणला शॉपफ्लोअरवर शंभर माणसांना धाकात ठेवलेला गडी चेंडूवर तोल सावरत हुश्श हुश्श करतोय, हे दृश्य मी शेजारच्या चेंडूवरून पाहिलेलं आहे. मग एका बाहुलीला लंगोट बांधायचा असतो. जर्मन बाप प्रश्न विचारतात: आंघोळीचं पाणी सदतीस अंश की साडेसदतीस? आपले लोक प्रश्न विचारत नाहीत, वहीत उतरवून घेतात. परीक्षेला येईल या हिशेबाने.

बाळ जन्मतं तेव्हाही बाप आतच. दार लावून बाहेर येरझाऱ्या घालायची सोय नाही. नाळ कापायला कात्री त्याच्या हातात देतात. माझ्या जन्माची बातमी माझ्या वडिलांना शेजाऱ्यांच्या फोनवर कळली होती. त्यांनी पेढे आणले, कचेरीत वाटले, उरलेले स्वतः खाल्ले, आणि बारशाला सवडीने माझ्या आजोळी आले. या अनुभवाच्या जोरावर त्यांनी मला फोनवर सल्ला दिला: “टेन्शन घ्यायचं नाही. आपोआप होतं.”

मग आजी येते. व्हिसा नव्वद दिवसांचा, सामानात डिंकाचे लाडू, हळीव, बाळंतशेपा आणि विमानतळावर अडवली जाऊनही सुटलेली एक वेखंडाची पुडी. पहिले काही दिवस सुखाचे. एका सकाळी आजी बाळाला ओव्याची धुरी द्यायला घेते. बव्हेरियात झोपायच्या खोलीत धूर ओळखणारं यंत्र छताला लावणं कायद्याने सक्तीचं आहे, आणि त्या यंत्राला ओवा आणि आग यांतला फरक कळत नाही. ते असं किंचाळतं की बाळ, बाळंतीण, वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर, सगळे जागे. नव्या बापाचं पहिलं मानाचं काम इथे सुरू होतं: स्टुलावर उभं राहून यंत्राला टॉवेलने वारा घालणं. आजी खालून विचारते, “याचं बटण कुठंय?” बटण नसतं. असलं तरी बापाला माहीत नसतं, कारण त्याचं माहितीपत्रक जर्मनमध्ये असतं.

नव्वदाव्या दिवशी आजी गेली की घर एकदम मोठं होतं, आणि आता रजेचा विषय निघतो.

जर्मनीत मूल झाल्यावर आई आणि बाप दोघांनाही प्रत्येकी तीन वर्षांपर्यंत रजा घेता येते आणि नोकरी शाबूत राहते. तिला ‘एल्टर्नत्साइट’ म्हणतात. २००७ सालापासून या काळात सरकार भत्ताही देतं. निव्वळ पगाराच्या साधारण पासष्ट टक्के, कमीत कमी तीनशे आणि जास्तीत जास्त अठराशे युरो महिन्याला. आईवडलांपैकी एकालाच घ्यायचा तर बारा महिने. दुसऱ्यानेही किमान दोन महिने घेतले तर चौदा. दुसऱ्याने घेतले नाहीत, तर ते दोन महिने बुडाले. कायदा करणाऱ्यांना पुरुषाच्या अंतःकरणात वात्सल्य कसं जागवावं हा प्रश्न पडला असावा, आणि त्यांनी उत्तर अगदी अचूक शोधलं. हक्काची भरपगारी नसली तरी अर्ध्याहून जास्त पगाराची रजा बुडते आहे, हे कळल्यावर स्वस्थ बसेल असा मराठी माणूस अजून जन्मायचा आहे.

घरी कळवणं हे त्यातलं सगळ्यात अवघड काम. भारतात केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला बाप झाल्याबद्दल पंधरा दिवस मिळतात आणि खासगी नोकरीत मालकाच्या मर्जीवर. तेव्हा आत्याला हे समजावून सांगायचं म्हणजे कसोटीच.

“दुपारचा घरी कसा रे? नोकरी गेली का?”

“नाही आत्या, रजेवर आहे.”

“आजारी आहेस?”

“नाही गं, बाळासाठी घेतलीय.”

“बाळ आजारी आहे?”

“बाळ उत्तम आहे.”

थोडा वेळ शांतता. मग आत्या आवाज खाली आणून म्हणते, “बाळंत तू झालायस का?”

तेवढ्यावर भागत नाही. संध्याकाळी सासऱ्यांचा फोन येतो. ते फार सभ्य. हवापाण्याची चौकशी करतात आणि जाता जाता म्हणतात, “आपल्या ओळखीचे एक आहेत पिंपरीत, चांगल्या पोस्टवर. सहज म्हणून बायोडेटा पाठवून ठेवा जावईबापू.” पुढचे दोन महिने गावाकडे हा विषय दबक्या आवाजात चालू राहतो. मागच्या गल्लीतल्या लोकांपर्यंत पोचेपर्यंत आपल्याला जर्मनीने परत पाठवलेलं असतं.

पूर्वी पुष्कळ जोडपी ही रजा एकदम घेत आणि बाळाला घेऊन थेट भारतात जात. तिथे पोचल्यावर बाळ आजीकडे, बायको माहेरी, आणि रजेवरचा बाप मित्रांबरोबर सिंहगडावर. एप्रिल २०२४पासून जन्मलेल्या मुलांसाठी नियम बदलला. आता दोघांना एकाच वेळी पूर्ण भत्ता साधारणपणे एकच महिना मिळतो, तोही पहिल्या वर्षातच. सरकारने काटकसर केली म्हणतात. मला मात्र दाट संशय आहे की सिंहगडावरचे फोटो कुणीतरी बर्लिनला पाठवले.

त्यामुळे आता एक महिना तरी बाप आणि बाळ समोरासमोर. बायको सकाळी साडेसातला सायकलवर टांग टाकून कामावर जाते, आणि दार लागताक्षणी बाळाला कळतं की सत्तांतर झालं. या महिन्यात पुरुषाला काही मूलभूत शोध लागतात. बाळ झोपलं की आपण काम उरकू, असं म्हणणाऱ्याने बाळ झोपलेलं पाहिलेलं नसतं. बाळ झोपतं ते आपल्या अंगावर. उठवायचं नसेल तर आपणही पुतळा व्हायचं, आणि फोन नेमका टेबलावर, हाताच्या एक वीत पलीकडे. संध्याकाळी बायको येऊन विचारते, “दिवसभर काय केलंस?” हा प्रश्न आमच्या वडिलांनी आईला तीस वर्षं विचारला होता. आईने तो कसा सहन केला आणि लाटणं फक्त पोळ्यांसाठीच कसं वापरलं, याचा मी त्या महिन्यात फार विचार केला.

रांगत्या मुलांचे गट असतात इथे, आठवड्यातून एकदा. एका खोलीत सतरंजीवर दहा-बारा बाळं आणि त्यांच्या आया, त्यात आपण एकटे मिशीवाले. विषय ठरलेला: कुणाचं बाळ किती झोपतं. आपल्याला यात थोडं खोटं बोलता येतं आणि बोलावं, कारण बाकीच्याही बोलत असतात.

नंतरचा टप्पा बालवाडीचा. मूल रुळावं म्हणून पहिले काही दिवस आईने नाहीतर बापाने वर्गात बसायचं असतं. नियम कडक: कोपऱ्यात, वीतभर उंचीच्या खुर्चीवर, गप्प बसायचं. मुलाशी खेळायचं नाही, त्याला बोलवायचं नाही, मोबाइल बघायचा नाही, फक्त हजर असायचं. मूल घाबरलं की येऊन बापाला हात लावून जातं, पुन्हा खेळायला लागतं. मग एक दिवस बाई सांगतात, आता दहा मिनिटं बाहेर जाऊन या. मुलंच रडतात असं नाही. बाहेर बाकावर बसलेला एक सव्वासहा फुटी बव्हेरियन बाप मी डोळे पुसताना पाहिला. गुडघे हनुवटीला लावून कोपऱ्यात मुकाट बसणं ही अशी एकच पितृकर्तव्याची बाब आहे जी आमच्या वाडवडिलांना सहज जमली असती. पेपर मिळाला असता तर.

मध्ये एक नावाची भानगड. आपल्या पासपोर्टवर मुलाच्या नावापुढे बापाचं नाव येतं आणि जर्मन कचेरीला ती दोन्ही मुलाचीच नावं वाटतात. बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात एकदा माझ्या नावाने पुकारा झाला, मी उठून आत गेलो, तर बाई म्हणाल्या, तुम्ही नाही, ही मुलगी. त्यांच्या नोंदीनुसार त्या दिवशी मला दीड वर्षांची लस द्यायची होती. आता महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांसाठी आधी आईचं, मग बापाचं नाव लावायचा नियम केला आहे. चांगलाच आहे. जर्मन अर्जातला रकाना तेवढा आडवा वाढवून मिळाला पाहिजे.

नोव्हेंबरात मात्र आपल्या बापाचे दिवस येतात. ११ तारखेला संत मार्टिनच्या नावाने मुलं अंधारात कागदी कंदील घेऊन मिरवणुकीने निघतात, आणि ते कंदील आधी बालवाडीत आईबापांनी मुलांबरोबर बसून करायचे असतात. जर्मन बाप पुठ्ठ्याचा साळिंदर कापत बसतात. त्याच सुमारास दिवाळी करून बसलेला मराठी माणूस तिथे गोंदाची बाटली हातात घेतो आणि त्याचा चेहरा बदलतो. काड्या, पतंगाचा कागद, षटकोनी सांगाडा, खाली झिरमिळ्या. कुणाला काही कळायच्या आत अडीच फुटी आकाशकंदील तयार! बाई तोंडभर कौतुक करतात. पोराच्या हातात तो मावत नाही हा भाग वेगळा. मिरवणुकीत शेवटी कंदील बापच धरतो आणि मूल त्याच्या खिशाला धरून चालतं.

हा मान डिसेंबरपर्यंत टिकत नाही, कारण तोवर मुलाची जर्मन बापाच्या पुढे गेलेली असते. बाप बेकरीत पाव मागतो आणि मागून चार वर्षांचा आवाज येतो, “बाबा, ‘डेअर’ नाही, ‘दास’.” बेकरीवाली हसते. पाव तोच मिळतो, पण बाप निम्मा होतो. पुढेपुढे घरमालकाचा फोन आला की तो मुलाकडे द्यायचा. मूल ऐकतं, मान डोलावतं आणि आपल्याला सांगतं, “तो म्हणतोय, कचरा चुकीच्या डब्यात टाकू नका. आणि बाबा, मी तुला तेव्हाच सांगितलं होतं.” ज्या पिढीने वडिलांना “अहो” म्हटलं, तिला स्वतःच्या पोराकडून दुभाष्यासकट उपदेश मिळतो.

तशी या गावाच्या पाटीवर एका पोराचीच कृपा आहे. आउगुस्ट होर्ख या मोटारवाल्याचं १९०९ साली स्वतःच्याच कंपनीशी बिनसलं. नवी काढली, तर जुन्या नावावर कोर्टाने बंदी घातलेली. मग एका भागीदाराच्या घरी मंडळी नवं नाव शोधत बसली. कोपऱ्यात भागीदाराचा मुलगा लॅटिनचा अभ्यास करत होता. होर्ख म्हणजे ‘ऐक’, तर त्याचंच लॅटिन करून ‘ऑडी’ ठेवा की, असं तो मधेच बोलला, आणि १९१०मध्ये तेच नाव ठरलं. ही बैठक झाली पूर्वेला त्स्विकाऊला, इंगोलश्टाटला कंपनी दुसऱ्या महायुद्धानंतर आली. आपल्या घरी ही बैठक झाली असती तर “मोठी माणसं बोलताना मधे तोंड घालू नये, अभ्यास कर” हे ऐकून पोरगं गप्प बसलं असतं, आणि आज इथल्या कारखान्यावर ‘न्यू होर्ख अँड सन्स’ अशी पाटी असती.

बापाला गेलेली सत्ता परत मिळते ती मूल चौथीत गेल्यावर. बव्हेरियात चौथीच्या शेवटीच ठरतं की मूल ‘गिम्नाझियुम’ला जाणार की दुसऱ्या शाळेत. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास, तिघांची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली हवी. इथे एक गुण सर्वोत्तम आणि सहा म्हणजे नापास, एवढं उलटं गणित आपला माणूस एका रात्रीत आत्मसात करतो. इतकी वर्षं लंगोट, डबे आणि कंदील यांत हरवलेला बाप अचानक जागा होतो, चष्मा पुसतो आणि वडिलांच्या आवाजात विचारतो, “किती पडले?” शेजारचा जर्मन बाप म्हणतो, मुलगा आनंदात असला म्हणजे झालं. आपण मान डोलावतो आणि घरी येऊन दशांशचिन्हानंतरचा तिसरा आकडा काढतो.

आता इथला पितृदिन. तो जूनमध्ये येत नाही, ईस्टरपासून चाळिसाव्या दिवशी, ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या गुरुवारी असतो, आणि सगळ्या देशाला सुट्टी. लहान मुलांना बसवून ओढायची एक लाकडी चारचाकी हातगाडी इथे घरोघरी असते. त्या दिवशी पुरुष तीत बिअरचे खोके भरतात आणि सकाळीच टोळ्या करून रानावनात, नदीकाठाने निघतात. दारूपायी होणारे अपघात त्या दिवशी वाढतात हे सरकारी आकडेच सांगतात. त्यात हे गाव म्हणजे बिअरचं तीर्थक्षेत्र: सातू, हॉप आणि पाणी यांखेरीज बिअरमध्ये काही घालायचं नाही हा बव्हेरियाचा प्रसिद्ध कायदा २३ एप्रिल १५१६ रोजी इंगोलश्टाटमध्येच जाहीर झाला. बिअरमध्ये काय असावं ते पाचशे वर्षांपूर्वी ठरलं. बापामध्ये काय असावं याचा मसुदा अजून चालू आहे.

गेल्या मे महिन्यात माझे वडील इथे होते. जिल्हा परिषदेतून निवृत्त, करडा चेहरा, जन्मात स्वयंपाकघरात पाणी प्यायला न गेलेला माणूस. इथे मात्र नातवाला फिरवून आणायचे, त्याचं नाक पुसायचे, आणि तो कितवीत आहे हे कुणी न विचारता सांगायचे. पितृदिनाला आम्ही क्लेन्त्सेपार्कात डॅन्यूबच्या काठी गेलो. हातगाडीत दोन पोरं, चहाचा थर्मास आणि धपाट्यांचा डबा. समोरून आठ-दहा जवान बापे तशीच गाडी ओढत आले, वर गाण्यांचा भोंगा. आमच्या गाडीत खरीखुरी मुलं बघून त्यांना फारच गंमत वाटली. एकाने वडिलांपुढे बाटली धरली, वडिलांनी चहाचा पेला उंचावला.

ते थोडे पुढे गेल्यावर वडिलांनी विचारलं, “यांची पोरं कुठे आहेत?”

“घरी. बायकांजवळ.”

“आणि आज यांचा सण?”

“हो, बापांचा.”

“म्हणजे सकाळी घराबाहेर पडायचं, मित्रांबरोबर हिंडायचं, रात्री उशिरा यायचं, आणि पोरांचं सगळं बायको बघणार.”

“तसंच.”

“वर्षातून एकदाच?”

“एकदाच.”

“अरेरे,” वडील म्हणाले, आणि त्या पोरांना हाक मारून त्यांनी धपाट्यांचा डबा पुढे केला.